सुकुर: डोंगरावरच्या गावाचा नकाशा पायथ्यापासून

सुकुर कुठे आहे, याचे उत्तर आकड्यांत देता येते. उत्तर अक्षांश १० अंश ४४ मिनिटे, पूर्व रेखांश १३ अंश ३४ मिनिटे. नायजेरियाच्या ईशान्य भागात, कॅमेरूनच्या सीमेला लागून, मंदारा डोंगररांगेतल्या एका पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १०४५ मीटर उंचीवर. राज्य आदामावा, स्थानिक शासनक्षेत्र मदागली. राज्याची राजधानी योला इथून सुमारे २९० किलोमीटर दूर. एवढ्या माहितीवर कुणीही नकाशात बोट ठेवेल. पण त्याने गाव कळत नाही, आणि सुकुरच्या बाबतीत हा पत्तासुद्धा वाटतो तितका स्थिर नाही.

पहिल्या महायुद्धापूर्वी हा डोंगर जर्मनांच्या कामेरून वसाहतीत होता. युद्धात जर्मनी हरला, त्याच्या आफ्रिकेतल्या वसाहती वाटल्या गेल्या आणि ही सीमेलगतची पट्टी ब्रिटिशांच्या कारभाराखाली आली. आधी राष्ट्रसंघाच्या वतीने, दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश म्हणून. नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा सुकुर त्या देशात नव्हते. उत्तर कामेरून नावाच्या या पट्टीत १९५९ मध्ये सार्वमत झाले, तेव्हा लोकांनी नायजेरियात जाण्याचा निर्णय पुढे ढकलला. फेब्रुवारी १९६१ मध्ये पुन्हा मतदान झाले, कौल नायजेरियाच्या बाजूने गेला आणि १ जून १९६१ पासून गाव नायजेरियाचे झाले. पुढेही राज्ये बदलत राहिली: १९६७ मध्ये ईशान्य राज्य, १९७६ मध्ये गोंगोला, १९९१ मध्ये गोंगोलाचे दोन तुकडे झाल्यावर आदामावा. गाव हलले नाही. त्याच्या भोवतीच्या रेघा हलल्या. त्यामुळे सुकुरचे स्थान सांगताना देशाचे नाव मी दुसऱ्या ओळीत घेतो. पहिल्या ओळीत डोंगर येतो.

गावाची मांडणी कशी वाचावी, हा इथला प्रश्न आहे, आणि त्यासाठी मी हेच गाव निवडण्याला एक कारण आहे. बाहेरून आलेल्यांनी इथली मांडणी वाचली, तिच्यावरून एक इतिहास रचला, आणि तो इतिहास कित्येक वर्षे खरा मानला गेला. नंतर कुणीतरी तीच मांडणी धीराने, घरोघर फिरून वाचली, तेव्हा तो इतिहास बराचसा मागे घ्यावा लागला. दगड तेच होते. पाहणाऱ्याने कुठून सुरुवात केली, यावर सगळे ठरले.

चढण

मुबीहून उत्तरेकडे मिचिका, मदागली आणि ग्वोझा असा जाणारा मोठा रस्ता डोंगररांगेच्या पश्चिम पायथ्यालगत जातो. सुकुर या रस्त्यावरचे गाव नव्हे. रस्ता सोडून डोंगराकडे वळायचे, पायथ्याची वस्ती गाठायची आणि तिथून चढायला लागायचे. चढायची वाट मात्र साधी पायवाट नाही. ग्रॅनाइटचे सपाट दगड जमिनीत बसवून, उताराला पायऱ्या देऊन केलेली ही फरसबंद वाट आहे. कोकणात जिला पाखाडी म्हणतात, तिच्याशी हिचे जवळचे नाते वाटते. पायथा आणि पठार यांना जोडणाऱ्या अशा वाटा सुकुरच्या शिवारात एकाहून जास्त आहेत. काही ठिकाणी त्यांची रुंदी आणि बांधणी अशी आहे की त्या नुसत्या शेतावर जायला केल्या असतील, यावर विश्वास बसत नाही. माणसे, गुरे, धान्याची ओझी आणि एके काळी लोखंड, हे सगळे याच दगडांवरून खाली-वर झाले.

नकाशा वरून, आकाशातून काढला की ही वाट एक बारीक रेघ होते आणि राजवाडा, घरे, शेते यांची मोठी चित्रे तिला झाकून टाकतात. पायाने वर आलो तर गोष्ट उलटी होते: आधी वाट, मग वाटेच्या दोन्ही बाजूंच्या ताली, मग भिंती, मग घरे. सुकुरमधले बाकी सगळे या वाटेला धरून बसले आहे. म्हणून या गावाच्या वर्णनाला मी इथूनच सुरुवात करतो.

काळी आणि पांढरी एकच

आपल्या देशावरच्या गावाचे वर्णन करायचे तर डोळे आधी गावठाण शोधतात. वेस कुठे, पार कुठे, घरांची दाटी कुठे संपते आणि शिवार कुठे सुरू होते. पांढरी आणि काळी अशी दोन भागांत गावाची जमीन मनातल्या मनात विभागलेली असते. ही सवय घेऊन सुकुरकडे पाहिले तर गाव सापडतच नाही. वस्त्या आहेत, पण त्यांना एकत्र बांधणारे गावठाण नाही. प्रत्येक घर आपल्या शेतात आहे. शेत उतारावर आहे. आणि उतार दगडी तालींनी पायऱ्यापायऱ्यांचा केलेला आहे. काळी आणि पांढरी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोकणातली वाडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजायला सोपे जाईल.

घर म्हणजे एकच खोली नव्हे. मातीच्या भिंतींच्या, गवताच्या निमुळत्या छपराच्या अनेक गोल खोल्यांचा तो पुंजका असतो. या खोल्यांना चुना किंवा माती न वापरता नुसते दगड रचून केलेले बुटके गडगे एकत्र बांधतात. आत धान्याच्या कणग्या असतात आणि मळणीसाठी खळे असते. आणखी एक गोष्ट, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो होतो: जमिनीच्या पातळीखाली खोदलेला, दगडांनी बांधून काढलेला बैलाचा गोठा. बैल तिथे ठेवून त्याला वैरण हातांनी आणून घालायची. दाणादुणा खाऊन तो पुष्ट होतो. असा बैल घरधन्याची ऐपत आणि मान दाखवतो, आणि देण्याघेण्यात चालतो. मोकळी चराई उभ्या पिकाच्या दिवसांत या उतारावर परवडणारी नाही. जनावर बांधून ठेवले म्हणजे शेणखतही एका जागी मिळते, आणि त्याशिवाय ही पातळ डोंगरी माती वर्षानुवर्षे पीक देणे अवघड. गोठ्याची जागा घराच्या आत का, याचे उत्तर शेतात सापडते.

पीक ज्वारी-बाजरीचे, जोडीला भुईमूग आणि कडधान्ये. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. नंतर महिनोन्महिने कोरडे, सहारातून धूळ घेऊन येणारे हरमाटन वारे. या हवेत उताराची माती पहिल्याच जोरदार सरीने धुऊन निघाली असती. ती तालींनी अडवली आहे. एकेक ताल लहान आहे, काही तर गुडघाभरच, पण त्या डोंगराच्या आकारानुसार ओळीने वर चढत जातात. मंदारा डोंगरांत तालींवर एक झाड मुद्दाम राखलेले दिसते: पांढरी बाभूळ म्हणावी असे, पावसाळ्यात पाने गाळणारे आणि उन्हाळ्यात हिरवे असणारे. पिकाला ऊन लागते तेव्हा ते सावली धरत नाही, आणि गुरांना चारा कमी पडतो तेव्हा पाला व शेंगा देते. सुकुरच्या शेतांत तालींबरोबर पवित्र मानलेली झाडे, पूजेच्या जागा, ठरावीक प्रवेशही आहेत. मडकी हीच पुष्कळदा देवाची आणि पूर्वजांची जागा. त्यामुळे शेताचा नकाशा आणि देवस्थानांचा नकाशा असे दोन वेगळे कागद इथे करता येत नाहीत.

पाण्याचे आणखी वेगळे. विहिरी जमिनीखाली आहेत, वर दगडांचा शंकूसारखा निमुळता घुमट रचलेला आणि भोवती कुंपणाची भिंत. विहिरीला छप्पर का, असा प्रश्न पडतो. धूळ, गुरे, वाहून येणारी माती आणि कडक उन्हात होणारी वाफ यांचा विचार केला की त्या घुमटाची अक्कल ध्यानात येते. ज्या डोंगरावर पाऊस वर्षातले चारच महिने भरवशाचा, तिथे विहीर ही घराइतकीच बांधून काढायची गोष्ट आहे.

हिदीचे घर

गावाच्या प्रमुखाला हिदी म्हणतात. त्याचे निवासस्थान खालच्या वस्त्यांवर नजर ठेवणाऱ्या उंच जागी आहे. मोठा आवार, रचीव दगडांच्या भिंती, दगडी प्रवेशद्वार, आत अंगणे, कोनाडे, कणग्या, पूजेची ठिकाणे. प्रमुखाचे राहते घर, धर्मविधींचे स्थान आणि गावाची सभा ही तिन्ही कामे ही जागा करते. छायाचित्रांत सुकुर म्हणून बहुतेक वेळा हेच दिसते. चुकीचे वाचन सुरू झाले तेही इथूनच.

वाटेने वर आले की प्रचंड दगडी आवार समोर येते, मागे आलेली फरसबंद वाट दिसते, आजूबाजूला पसरलेल्या शेकडो ताली दिसतात, आणि कानावर येते की इथले लोखंड दूरदूर जायचे. ब्रिटिश काळात आदामावात अधिकारी असलेले अँथनी कर्क-ग्रीन यांनी १९६० मध्ये सुकुरबद्दल जे लिहिले, त्यात एके काळच्या बलाढ्य, दूरवर पसरलेल्या आणि पुढे तेज गमावलेल्या राज्याचे चित्र उभे राहिले. त्यांनी हे वाईट हेतूने केले असे मला वाटत नाही. युरोपातल्या किल्ल्यांच्या आणि राजधान्यांच्या सवयीने त्यांनी दगड पाहिले: इतका मोठा वाडा, इतका मोठा रस्ता, म्हणजे तेवढेच मोठे राज्य. पण तर्क वाड्यापासून सुरू झाला आणि वाड्यापाशीच थांबला.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे निकोलस डेव्हिड आणि ज्युडी स्टर्नर यांनी सुकुरमध्ये दीर्घकाळ काम केले. त्यांनी घरे, भट्ट्या, वंशावळी, विधी, शेजारच्या गावांतल्या आठवणी यांचा मेळ घातला. विस्तीर्ण साम्राज्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हिदीला आसपासच्या समाजांत धार्मिक मान होता, त्याच्या नावाला वजन होते. पण दूरच्या मुलखावर हुकूम चालवणारा राजा म्हणून त्याला उभे करणे पुराव्याला धरून नव्हते. मंदारात सुकुरचे खरे मोठेपण लोखंडात होते.

आणि इथे मांडणी पुन्हा बोलू लागते. लोखंड गाळायच्या जुन्या भट्ट्या वाड्याजवळ एका जागी एकवटलेल्या नाहीत. त्या मालकांच्या घरांजवळ आहेत, वस्तीभर विखुरलेल्या. पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरणारी, चुंबकाला चिकटणारी काळी वाळू गोळा करायची, धुऊन घ्यायची, कोळसा करायचा, आणि मातीच्या उभ्या भट्टीत भात्याने वारा घालून लोखंड काढायचे. मराठी वाचकाच्या मनात लोखंड म्हटले की लोहार येतो, बलुतेदार, ठरलेली जात. सुकुरमध्येही लोहार-कुंभारांचा वेगळा, आपसांत लग्ने करणारा गट आहे. त्यांचे पुरुष लोहारकाम करतात आणि मृतांचे अंत्यसंस्कार करतात, बायका मडकी घडवतात. पण लोखंड गाळणे ही त्यांची मिरास नव्हती. शेतकरी घरेही हे काम करत. शेतीची कामे संपली की कोरड्या दिवसांत भट्टी पेटे. म्हणजे गावाची मुख्य संपत्ती तयार करण्याची साधने घरोघर होती. असे असताना मोठा सावकार किंवा मोठा सरदार उभा राहणे कठीण.

लोखंड गाळून उरलेला भट्ट्यांचा मळ कुठे पडला आहे, याचा नकाशा कर्क-ग्रीन यांच्यापुढे असता तर त्यांनी ते चित्र तसे रंगवले असते का, असे मला पुन्हा पुन्हा वाटते. वाडाही बाकीच्या घरांसारखाच आहे: तेच दगड, तीच चुन्याविना रचण्याची पद्धत, तेच कारागीर हात. मोठा आहे, पण वेगळ्या जातकुळीचा नाही. विसाव्या शतकात बाहेरून आलेले तयार लोखंड स्वस्त पडू लागले, तशा भट्ट्या थंडावल्या. आता त्यांचे अवशेष घरांच्या परसात उभे आहेत.

भिंती कशासाठी

भिंतींचा एक अर्थ सोपा आहे: हे माझे, ते तुझे. घर, शेत, वाट, पूजेची जागा यांच्या मर्यादा त्या दाखवतात. दुसरा अर्थ कळायला १९१२ ते १९२२ ही वर्षे पाहावी लागतात. मदागलीचा फुलानी सत्ताधीश हम्मन याजी याने या काळात डोंगरावरच्या गावांवर गुलामांसाठी आणि गुरांसाठी वारंवार धाडी घातल्या, सुकुरवरही. तो स्वतः रोजनिशी ठेवत असे. तिच्यात किती माणसे पकडली, किती गुरे आणली, याच्या नोंदी जमाखर्चासारख्या कोरडेपणाने लिहिलेल्या आहेत. त्या वाचून झाल्यावर सुकुरचे बुटके गडगे, अरुंद फटीसारखे प्रवेश, घरांची डोंगराला चिकटून बसण्याची रीत, हे सगळे मला वेगळेच दिसू लागले. ब्रिटिशांनी याजीला १९२७ मध्ये पदावरून दूर केले.

मैदानात पाणी जवळ, जमीन सपाट, बाजार हाताशी. तरी माणसे इतक्या खडकाळ उतारावर का राहिली, याचे एक उत्तर मैदानातले घोडेस्वार हे आहे. घोडा पायऱ्यांच्या शेतात धावू शकत नाही. तरीही डोंगराने सुकुरला पुरते वाचवले नाही, आणि त्या दहा वर्षांत गावाची जी माणसे गेली त्यांची नावे कुठल्याही नकाशावर नाहीत.

रेघ आखली गेली

१९९९ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश इथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने सुकुरचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. नायजेरियातले ते पहिले स्थळ, आणि आफ्रिकेतून सांस्कृतिक भूदृश्य म्हणून नोंदले गेलेलेही पहिले. ७६४.४ हेक्टर मुख्य क्षेत्र आणि त्याभोवती ११७८.१ हेक्टरचा संरक्षक पट्टा. या नोंदणीत मला जमेची वाटणारी बाब ही की ती एकट्या वाड्याची झाली नाही. ताली, वाटा, विहिरी, भट्ट्या, दफनभूमी, आणि माणसे अजून करत असलेली शेती, असे सगळे एका रेघेच्या आत घेतले गेले. राष्ट्रीय संग्रहालय आणि स्मारक आयोगाकडे सरकारी जबाबदारी आहे, पण जमिनीचा आणि डागडुजीचा रोजचा विचार हिदी आणि गावकरी करतात. डोंगर एकच असला तरी सीमेपलीकडच्या कॅमेरूनमधल्या मंदारातील दिय-गिद-बिय ही रचीव दगडांची स्थळे यादीत यायला २०२५ उजाडले.

त्याच वेळी खाली सरकण्याची ओढ वाढत होती. शाळा, दवाखाना, बाजार, मोटार हे सगळे पायथ्याशी. तरुण कुटुंबांनी पायथ्याला घर बांधले तर त्यांना दोष देता येणार नाही. ताल मात्र सोडून दिली की टिकत नाही. एका पावसात एक दगड निसटतो, पुढच्या पावसात त्यामागची माती जाते, आणि खालच्या शेजाऱ्याची तालही धोक्यात येते.

डिसेंबर २०१४

सुकुरचे स्थान पुन्हा एकदा त्याच्यावर उलटले. ऑगस्ट २०१४ मध्ये बोको हराम या सशस्त्र संघटनेने उत्तरेला ग्वोझा घेतले आणि तिथे आपली सत्ता जाहीर केली. त्याच महिन्यात मदागलीही त्यांच्या हाती पडले. मिचिका आणि मुबी त्यानंतर. पायथ्याचा तो मोठा रस्ता, ज्याच्या आधाराने मी या गावाचा पत्ता सांगितला, तोच आता हल्लेखोरांचा रस्ता झाला. डिसेंबरमध्ये ते सुकुरवर चढले. घरे पेटवली गेली, माणसे परागंदा झाली, गावाची माहिती सांगणारे केंद्रही जळले.

डिसेंबर म्हणजे ज्वारीची सुगी नुकतीच आटोपलेली असते आणि कणग्यांत वर्षाचे धान्य असते. छपरे गवताची, कणग्याही पेट घेणाऱ्या. जे जळू शकते ते या गावात अगदी नेमक्या जागी असते: डोक्यावर आणि पोटाशी. मातीच्या भिंती काळवंडल्या. छपराविना पुढच्या पावसात त्या विरघळणार. दगड मात्र जळाले नाहीत. वाटा, ताली, गोठे, विहिरींचे घुमट, वाड्याच्या भिंती यांचा बराचसा सांगाडा उभा राहिला. मार्च २०१५ मध्ये सैन्याने मदागली आणि ग्वोझा परत घेतले, तरी परिसर लगेच सुरक्षित झाला नाही, आणि लोक हळूहळू, भीत भीत परतले.

पुढच्या वर्षांत बाहेरची मदत आली आणि घरे पुन्हा उभी करण्याचे काम झाले. मदत देणाऱ्यांपुढे प्रश्न होता की काय आधी बांधायचे. वारशाच्या दृष्टीने वाडा आधी येतो. मांडणी पायथ्यापासून वाचली तर क्रम बदलतो: आधी छपरे आणि कणग्या, कारण माणूस राहिला तरच ताल राहते, मग ताली, कारण त्यांच्यावाचून पीक नाही, वाडा त्यानंतर. मी हाच क्रम योग्य मानतो. वाड्याला आधार देणारे हात शेतातूनच येतात.

सुकुरमध्ये डागडुजीला लागणारा दगड गावातच मिळतो, आणि भिंत रचायला चुना, सिमेंट किंवा बाहेरचा गवंडी लागत नाही. ढासळलेला भाग मोकळा करायचा, मोठे दगड तळाला, सपाट बाजू बाहेर, फटींत चिपा ठोकायच्या, मागे माती भरायची. हे काम लोक मिळून करतात. म्हणून मी काढलेल्या सुकुरच्या नकाशात ताली अखंड रेघेने दाखवलेल्या नाहीत. त्या तुटक आहेत, कारण दरवर्षी जूनच्या आधी त्यांतल्या काही पुन्हा रचाव्या लागतात.